पिल्लू झालं म्हणजे संवर्धन झालं?

राणीच्या बागेतल्या पेंग्विनच्या पिल्लांना मराठी नावं द्या, अशी मागणी २०२५ मध्ये झाली. नावावरून वाद घालण्यात आपला हात कोण धरणार! पण मंडळी, माझं भांडण नावाशी नाहीच. पिल्लू झालं की 'संवर्धन झालं' म्हणून आपण जी पाठ थोपटून घेतो, तिच्याशी आहे.

हे हम्बोल्ट पेंग्विन. बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावरचे. जुलै २०१६ मध्ये ८ जण सोलहून भायखळ्याला आले, ऑक्टोबरमध्ये त्यातली एक मादी गेली. १५ ऑगस्ट २०१८ ला भारतातलं पहिलं पिल्लू जन्मलं, तेही आठवडाभरात गेलं. २०२१ पासून मात्र पिल्लं जगू लागली. सांभाळणाऱ्यांची मेहनत खरीच, ती कोण नाकारतंय?

पण मुळात या पक्ष्याचं अडलंय कुठे? अंडी घालण्यात नक्कीच नाही. मादी बहुधा २ अंडी घालते, नर-मादी आळीपाळीनं साधारण ४० दिवस उबवतात. अडलंय ते घरात आणि ताटात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जुने थर, म्हणजे ग्वानो, त्यात बिळं करून हे राहायचे. १९व्या शतकात खतासाठी ते थर खरवडले आणि जहाजं भरभरून युरोपात नेले. त्यांची अँचोव्ही मासळी आता पीठ करण्यासाठी उपसली जाते. शिवाय जाळ्यात अडकून मरणं आहेच. एल निन्योच्या वर्षी पाणी तापतं, मासळी दूर जाते आणि पिल्लं घरट्यातच उपाशी मरतात. भायखळ्यात १०० पिल्लं झाली तरी यातलं काय बदलणार?

"अहो, उद्या तिकडे नेऊन सोडता येतील की!" सोडणार कुठे? बीळ नाही, मासळी नाही. आणि पिंजऱ्यातली वीण हवीच असेल, तर युरोप-अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत ती कधीपासून छान चाललीये.

"मुलांना बघायला तर मिळतं!" हे मात्र मान्य. मग नीट दाखवा ना. काचेमागची थंड हवा बघून पोरं 'बर्फातला पक्षी' असंच समजून घरी जातात. काचेशेजारी ग्वानोची, जाळ्यांची गोष्ट मोठ्या अक्षरात लिहा. तिकिटातला थोडा वाटा चिली-पेरूच्या बेटांवर घरटी मोजत, राखत बसलेल्यांना पाठवा. तेवढं जमत नसेल तर सरळ 'करमणूक' म्हणा. माझी काही हरकत नाही.

असो. नावं काय ठेवायची ती ठेवा.