लहान टर्बोचा अर्धाच हिशेब



मोठी गाडी विकून एक लिटरची टर्बो पेट्रोल घ्या, महिन्याचा खर्च उतरेल, असा सल्ला गेल्या अंकातील पत्रलेखकाने दिला आहे. इंजिनाचे त्यांनी केलेले कौतुक रास्तच. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरते, जादा हवा आत कोंबली जाते आणि तीन सिलिंडरचे ९९९ सीसी इंजिन भरलेली गाडी खंबाटकी घाटात न कुरकुरता चढवते. पण जादा हवेबरोबर पेट्रोलही जादा जळते, ते पत्रात नाही. हायवेवर हलक्या पायाने चालवलीत तर बचत दिसेल. संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर दर सिग्नलला ॲक्सिलरेटर दाबत राहिलात, तर ब्रोशरमधले ॲव्हरेज विसरा.

आता पैशांचे. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. लिटरला १२ ऐवजी १५ मिळाले तर २०० लिटर वाचतात. शंभराच्या दराने वीस हजार रुपये. दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी रस्ताकरच ११ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार. साडेपाच वर्षांची बचत शोरूमच्या दारातच संपली! एक्स्चेंजमध्ये जुन्या गाडीला काय भाव मिळतो, ते वेगळे सांगायला नकोच. टर्बोला चांगले ऑइल वेळेवर लागते, तेही स्वस्त नसते.

जुनी गाडी थकलीच असेल तर लहान टर्बो जरूर घ्यावी. धडधाकट असेल, तर टायरमधली हवा तपासून आणखी चार वर्षे चालवावी.

– एक वाचक, पुणे