बर्फी गुरगुरते तेव्हा

कुत्र्याचं पिल्लू गुरगुरलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो. एक चापट द्या, आत्ताच मोडून काढा, नाहीतर डोक्यावर बसेल. सल्ला देणारा काळजीनंच देतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच. पण हा सल्ला धोक्याचा आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेल्या पिल्लाची भीती जात नाही, फक्त आवाज जातो. मग वर्षभरानं ते कुत्रं एक दिवस थेट चावतं आणि घरचे म्हणतात, 'काही कारण नसताना चावलं हो!' कारण असतंच. ते सांगायची त्याची सोय आपण काढून घेतलेली असते.

हे आज लिहावंसं वाटलं ते बर्फीमुळे. आमच्या खालच्या मजल्यावर आलेलं हे लॅब्रॅडॉरचं पिल्लू. घरात आईवडील, चौथीतली मुलगी आणि आजोबा. पंधरवड्यातच त्या घरची सून वर आली आणि बाही वर करून हात दाखवत म्हणाली, "काकू, बघा हो काय केलंय. लॅब गरीब असतो म्हणे. ही तर अंगावर येते." मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. पिल्लाचे दुधाचे 28 दात सुईसारखे असतात आणि चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडून पक्के दात यायला लागले की हिरड्या शिवशिवतात. तेव्हा चावणं हे त्या वयाचं कामच आहे. किती जोरात चावायचं, हे मात्र कुणीतरी शिकवावं लागतं.

ते शिकवतात भावंडं. मस्ती करताना एकानं जोरात चावा घेतला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. असं वारंवार झालं की पिल्लाला आपल्या जबड्याची ताकद कळते. बर्फी घरी आली तेव्हा जेमतेम महिन्याची होती. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, लहान नेलं की लळा लवकर लागतो. खरं तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानं मनाई आहे. श्वानपैदास आणि विक्रीविषयीच्या केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांत तसं स्पष्ट म्हटलंय. तरीही महिन्याची पिल्लं खोक्यात घालून सर्रास विकली जातात आणि आईपाशी शिकायचं राहून गेलेलं मग घेणाऱ्याच्या हातांवर शिकलं जातं. याचा मला मनापासून राग येतो. 'वाईट स्वभावाचं' म्हणून परत केलेल्या किंवा रस्त्यावर सोडलेल्या कित्येक पिल्लांचा गुन्हा एवढाच असतो, की त्यांना आईपासून लवकर तोडलं.

चावण्यावरचा उपाय सोपा, पण चिकाटीचा. दात लागले की हात झटकायचा नाही. झटकलेला हात पिल्लाला पळणारं सावज वाटतो. सैल सोडायचा, उठायचं, अर्धा मिनिट पाठ फिरवायची. शांत झाली की दोरीचं खेळणं तोंडात द्यायचं. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, आजोबांनीसुद्धा. सुरुवातीला चावणं वाढल्यासारखं वाटतं, कारण आजवर चालणारी युक्ती चालेना झाली की पिल्लू ती आणखी जोरानं करून बघतं. नेमक्या याच वेळी माणसं कंटाळतात आणि चापटीवर येतात.

खरी काळजी होती ताटलीची. मी मुद्दाम तिच्या जेवणाच्या वेळी खाली गेले. बर्फी खात होती. मुलीचे वडील दोन पावलं पुढे आले तशी तिची शेपटी थांबली. मान ताटलीवर आणखी खाली गेली, घास भराभर गिळले जाऊ लागले. आणखी एक पाऊल, आणि अख्खं अंग लाकडासारखं ताठ, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसू लागलेलं. गुरगुरणं त्यानंतर आलं. म्हणजे आवाज फुटण्याआधी तिचं पाच वेळा सांगून झालं होतं. ते म्हणाले, "मी रोज मधेच ताटली उचलतो. मालक कोण ते कळायला हवं ना."

हे मालकपण आपल्याकडे आलं ते लांडग्यांवरून. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला. एकमेकांशी नातं नसलेले, कोंडून ठेवलेले ते प्राणी वर्चस्वासाठी झगडताना दिसले. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकातून कळपाच्या म्होरक्याची ही कल्पना जगभर पोचली. पुढे मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा, असा आग्रहही त्यांनी प्रकाशकाकडे धरला. लांडग्यांच्या अभ्यासकानं सोडून दिलेली कल्पना आपण दोन महिन्यांच्या पिल्लावर कशाला चालवायची?

बर्फीच्या बाजूनं बघा. ती खात असते, माणूस येतो, अन्न जातं. रोज. तिनं काढलेला निष्कर्ष बरोबरच आहे. तो बदलायचा तर माणूस आला की काहीतरी चांगलं येतं, हा अनुभव द्यायला हवा. आम्ही तसंच सुरू केलं. ताटलीपासून इतक्या लांबून जायचं की तिची शेपटी थांबणार नाही. जाताजाता उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्याकडे टाकायचा आणि न थांबता पुढे निघायचं. अंतर थोडंथोडं कमी करायचं. अंग ताठ झालं की त्या दिवशी पुन्हा मागे. मुलीला या सगळ्यापासून लांब ठेवलं, यात तडजोड नाही. काही आठवड्यांनी वडील जवळ आले की बर्फी ताटलीतून तोंड वर काढून शेपटी हलवत त्यांच्या हाताकडे बघू लागली. चप्पल पळवली तरी हेच: ओढाताण न करता बदल्यात काहीतरी द्यायचं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फ्लॅटमध्ये कुणाचंच लक्ष नसतं. झोप. एवढ्या लहान पिल्लाला दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. बर्फीला ती मिळतच नव्हती. मुलगी शाळेतून आल्यावर तिच्या मैत्रिणी, मग पाहुणे, मग रात्री टीव्ही. संध्याकाळी सातनंतर ती घरभर सुसाट पळायची, दिसेल त्याला चावायची आणि घरचे म्हणायचे, अंगात आलंय हिच्या. झोपेला आलेलं पोर जसं रडून घर डोक्यावर घेतं, तसंच ते होतं. दिवाणामागचा कोपरा पडदा लावून तिला दिला आणि तिथं असताना कुणी हात लावायचा नाही असं ठरलं, तेव्हा संध्याकाळचं निम्मं चावणं आपोआप गेलं. हा नियम पाळण्यात आणि पाळून घेण्यात चौथीतली मुलगी सगळ्यांत कडक निघाली.

पिल्लू एकाएकी चिडचिडं झालं असेल तर आधी पशुवैद्यांना दाखवा. दुखरा कान किंवा पोटातले जंतसुद्धा गुरगुरायला लावतात. आणि दात लागून कातडी फाटली, तर पिल्लू घरचंच आहे म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर दिली जाते, त्याआधी त्या पिल्लाला ते संरक्षण नसतं.

आता बर्फीसाठी शिकवणारा माणूस ठेवायचा विचार चाललाय. अवश्य ठेवा. फक्त फी ठरवायच्या आधी त्याला विचारा, पिल्लू गुरगुरलं तर तुम्ही काय करता? 'थांबतो, मागे सरकतो, कशामुळे गुरगुरलं ते बघतो' असं उत्तर आलं तर पुढचं बोला. त्यानं पिशवीतून गळा आवळणारी साखळी काढली, तर बर्फीला त्याच्या हाती देऊ नका.