घर गार राहील असे शहर हवे



उन्हाळा आला की एकच सल्ला मिळतो : पाणी प्या, घराबाहेर पडू नका. सल्ला चांगला आहे. पण घरच भट्टीसारखे तापले असेल, तर माणसाने जावे कुठे? मुंबई, ठाणे, अहमदाबाद येथे आपले नातेवाईक आजही राहतात. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यानंतर २०१३ साली तेथील महानगरपालिकेने उष्णतेसाठी खास आराखडा केला. लोकांना आधी इशारा द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे, पाण्याची सोय करायची. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही सुरू झाले.

मला हे छपराचे काम फार मोलाचे वाटते. पत्रे आणि भिंती दिवसा तापतात व रात्री ती उष्णता घरात सोडतात. रात्री गारवा मिळाला नाही, तर हृदयावरचा ताण उतरत नाही. मुंबईत त्यात दमटपणाची भर. बीरशेबा, दिमोनाच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवते. मुंबईत तो अंगावरच राहतो. म्हणून तेथील ३५ अंशही कमी समजू नयेत.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे १ कोटी २४ लाख लोक होते. एवढ्या लोकांना एसी परवडणार नाही, आणि एसी खोलीतली उष्णता गल्लीतच टाकतो. तेव्हा नवी घरे बांधताना समोरासमोर खिडक्या, पांढरी गच्ची, सावलीची झाडे ही नकाशातच सक्तीची असावीत.

वय झाले की तहान कमी लागते, घामही कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते. त्या मनाने बंद करू नका; उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा. तिकडच्या नातेवाइकांना फोन कराल, तेव्हा "पाणी पिता ना?" एवढ्यावर थांबू नका. "रात्री घर गार होते का?" हेही विचारा. होत नसेल, तर दुपारी खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे बसायला सांगा. अंग तापले आणि बोलणे असंबद्ध झाले, तर वाट न पाहता इस्पितळात न्यावे.