मोजमाप संगणकाचे, की इंग्रजीचे?

सुर्ला, केरी, मोर्ले भागातला शेतकरी वाळपईला उतरतो तो बाजारासाठी, तसाच एक-चौदाच्या उताऱ्यासाठी. हा उतारा आता संगणकावर मिळतो. पण तो काढायला त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. जमीन आपली, कागद आपला आणि वाचून दाखवणारा मात्र परका! अशा माणसाला ‘संगणक निरक्षर’ म्हणून आपण मोकळे होतो. हा शिक्का खरा आहे काय?

आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. संगणक न येणे वेगळे आणि संगणकावरची इंग्रजी न येणे वेगळे. मोबाईलवर मराठी बातम्या वाचणारा, मुलाला पैसे पाठवणारा माणूस सरकारी अर्जापाशी अडत असेल, तर उणीव त्याची की अर्जाची? ते तपासल्याखेरीज कळणार नाही.

केंद्राची ग्रामीण डिजिटल साक्षरता मोहीम २०१७ साली सुरू झाली, ३१ मार्च २०२४ रोजी संपली. ६ कोटींचे उद्दिष्ट होते, ४.७८ कोटी लोकांना प्रमाणपत्रे मिळाली. पण २५ प्रश्नांची परीक्षा देणे आणि प्रत्यक्ष काम उरकणे यांत अंतर आहे.

ही तपासणी वाचनालयात व्हावी. शाळेत जायला प्रौढ माणूस लाजतो. पेपर चाळायला वाचनालयात येताना लाजत नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात वाचनालये आणि प्रौढ शिक्षण संस्था ‘नॉर्थस्टार’ नावाची अशी चाचणी घेतात. गोव्यात तर मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ सालची आणि ग्रंथालय कायदा १९९३ सालचा. मग वाळपईच्या तालुका वाचनालयाने मागे का राहावे?

कामे साधी असावीत. आपला उतारा शोधणे, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची माहिती काढणे, मराठीत चार ओळींचा अर्ज टंकणे, फसवा संदेश ओळखणे. प्रत्येक काम आधी इंग्रजी पानावर, मग मराठी पानावर करून घ्यावे. पास-नापास नको, नाव लिहिणे नको, आणि बँकेचा ओटीपी तर कोणी विचारूच नये. ग्रंथपालावर हा बोजा एकट्याने पडू नये. त्याला मदतनीस द्यावा. २०२० साली नेटवर्कसाठी डोंगर चढलेली गोव्यातील मुले आज तरुण झाली आहेत. हे काम त्यांनी हाती घ्यावे.

इंग्रजीत अडलेला माणूस मराठीत पार झाला, तर तो आकडाच आमची बाजू मांडेल. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले, तसेच सरकारी कामी मराठीच्या वापरालाही वाव दिला. दोन्हींची लिपी एक, कळफलकही एक. तेव्हा हे भांडण कोकणीशी नाही.

भाषेचा हक्क केवळ मोर्चाने मिळत नाही, पुरावा लागतो. तो वाचनालयाच्या बाकावर गोळा करता येईल. गावोगावच्या वाचकांनी ही मागणी आपल्या ग्रामसभेत मांडावी.