चोवीस फुटांचा संसार

संसार थाटण्यास किती जागा लागते, या प्रश्नाचे उत्तर लिन आणि लॅरी पार्डी या दांपत्याने ‘२४ फूट ४ इंच’ असे दिले. लॅरी मूळचे कॅनडाचे, लिन अमेरिकेच्या. कॅलिफोर्नियात सुमारे साडेतीन वर्षे खपून दोघांनी ‘सेराफिन’ ही लाकडी शिडाची नौका स्वहस्ते बांधली. १९६८ साली ती पाण्यात उतरली. रुंदी जेमतेम नऊ फूट, रात्रीच्या उजेडाला रॉकेलचे दिवे आणि इंजिन मुळीच नाही. पुढच्या वर्षी ती मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे निघाली.

इंजिन नसण्याचा अर्थ किनाऱ्यावर बसून कळत नाही. मेक्सिकोचे बाहा कॅलिफोर्निया हे द्वीपकल्प म्हणजे समुद्रात शिरलेले लांबलचक वाळवंट. त्याच्या पूर्वेच्या आखातात बेटे आहेत, निवाऱ्याच्या खाड्याही आहेत. परंतु निवारा वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतो. हिवाळ्यात उत्तरेचा वारा कधी कधी सलग काही दिवस झोडपतो. उन्हाळ्यात ला पाझ शहराच्या परिसरात सायंकाळनंतर ‘कोरोमुएल’ नावाचा वारा नैर्ऋत्येकडून सुटतो. दिवसा आरशासारखी असलेली खाडी त्या दिशेला उघडी असेल, तर मध्यरात्री तेथेच नौका खडकांच्या दिशेने ओढली जाऊ लागते. अशा वेळी इंजिनवाला खलाशी कळ दाबून बाहेर पडतो. शिडावर विसंबणाऱ्याला मात्र आत शिरण्यापूर्वीच बाहेर पडण्याचा विचार करावा लागतो: वारा फिरला तर शीड कोणत्या बाजूने भरेल, वळण्यास जागा किती, भरतीचे पाणी कोठवर चढेल. नांगराची साखळी खोलीच्या निदान चार-पाच पट तरी सोडावी लागते, आणि तेवढी सोडून नौका घुमण्यास जागा नसेल, तर ती खाडी कितीही रम्य असो, सोडून द्यावी लागते. वारा पडला की लांब वल्हे हाती घेऊन नौका ढकलावयाची. कर्ज देण्यापूर्वी वसुलीचा मार्ग पाहावा, त्यातलाच हा प्रकार.

नौकेवरचे घरकाम याहून सोपे नाही. अशा प्रवासात पिण्यास व स्वयंपाकास माणशी दिवसाला सुमारे दोन लिटर गोडे पाणी धरण्याची रीत आहे. भांडी खाऱ्या पाण्यात घासून गोड्या पाण्याचा केवळ हबका द्यावयाचा. वाळवंटी किनाऱ्यावर पाणी पुन्हा कोठे भरता येईल, याची खात्री नसते. कांदे, बटाटे, कोबी व लिंबे टिकतात, पण दर काही दिवसांनी एकेक काढून पाहावी लागतात. एक सडले की शेजारच्यास लागते. खालच्या कप्प्यातली वस्तू हवी असेल, तर वरच्या तिघांना हलवावे लागते. शिवाय भांडण झाले तरी उठून जाण्यास दुसरी खोली नाही! हा भाग प्रवासवर्णनांत बहुधा थोडक्यात आटोपला जातो.

पैशांचा प्रश्न त्यांनी वाटेतच सोडविला. लॅरी इतरांच्या नौकांची दुरुस्ती करीत; दोघे मिळून मालकांच्या नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवीत; लिन लेख लिहीत. गाठीशी थोडी रक्कम जमली की पुन्हा शीड उभारावयाचे. नौका लहान, म्हणून शिडे, दोर, रंग सारेच कमी लागे. इंजिन नाही, म्हणून इंधन नाही आणि सुटे भागही नाहीत. खर्चाच्या बाजूचे असे रकाने आधीच कोरे ठेवल्यामुळे जमेची बाजू तोकडी असूनही ताळेबंद जुळत राहिला. निवृत्तीनंतर पाहू, म्हणून थांबण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

मेक्सिकोपासून आरंभलेली ही सफर अकरा वर्षे चालली आणि पृथ्वीप्रदक्षिणा होऊनच संपली. त्यानंतर त्यांनी दुसरी नौका बांधली, ‘तालेसिन’. तिची लांबी २९ फूट ६ इंच, म्हणजे पहिलीपेक्षा पाच फूट दोन इंच अधिक. इंजिन त्याही नौकेत बसविले नाही.