वरणगाव शेजारी, गोळी मात्र जर्मनीची

नेमबाजी शिकणाऱ्या पोरांचे आईवडील हल्ली एकच प्रश्न विचारतात: गोळ्या इतक्या महागल्या कशा? क्लबांतून उत्तर येतं की मधला माणूस खातो. मला हे उत्तर पटत नाही. भाव खरोखरच मुळापासून वाढला आहे, आणि त्याची झळ बसते ती पदकाच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूला कमी, पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या पोराला जास्त. आपल्या भागापुरता हा माझ्या मते आज या खेळाचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

.22 चं एक काडतूस हातात घेऊन बघा. पन्नासांची डबी असते, उघडली की गोळीवरचा मेणाचा पातळ थर बोटांना लागतो. मागे पितळेची टोपी, पुढे जेमतेम अडीच ग्रॅमची शिशाची गोळी, बुडाच्या कडेत ठिणगीचा मसाला आणि आत ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढी दारू. एवढ्याशा वस्तूचा एकही भाग स्वस्त राहिलेला नाही. पितळ तांब्याचं, आणि तांब्याने मे 2024 मध्ये टनाला 10 हजार डॉलरचा आकडा ओलांडला. शिशाला कडकपणा आणायला अँटिमनी लागतं. जगात ते सर्वाधिक चीनकडून येतं, आणि चीनने 15 सप्टेंबर 2024 पासून त्याच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. त्यानंतर त्याचा भाव काही पटींनी चढला. बारा बोअरच्या छर्‍यांत अँटिमनी अधिक असतं, त्यामुळे ट्रॅप आणि स्कीटवाल्यांना हा फटका आणखी जोरात बसला.

पण खरी ओढाताण दारूची आहे. युक्रेनचं युद्ध फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालं आणि युरोपातले कारखाने तोफगोळ्यांच्या मागणीखाली दबले. 155 मिलिमीटरचा एक गोळा पूर्ण पल्ल्यावर डागायला दहा किलोहून अधिक दारू लागते. आपल्या काडतुसाच्या हिशेबाने ती लाखभर गोळ्यांची दारू झाली. दोन्हींची बनावट वेगळी, पण पाया एकच, नायट्रोसेल्युलोज. सरकारांच्या मागण्या आधी पुरवल्या जातात, खेळाडूंचा नंबर शेवटी लागतो. त्यातच 2022 च्या सुरुवातीला 75 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2025 च्या डिसेंबरात 90 च्या वर गेला. सगळी गोळी बाहेरून आणणाऱ्याला हा भार वेगळा.

हे नायट्रोसेल्युलोज बनतं कापसापासून. वेचलेला कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई वेगळी होते, सरकी वेगळी. सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, तिला लिंटर म्हणतात. दारूच्या कारखान्यांना तीच हवी असते. युरोप ती बहुतांशी चीनकडून घेतो आणि म्हणूनच आज अडचणीत आहे. आपल्याकडे बहुतेक सरकी ही लव न काढताच तेलगिरणीत जाते आणि पेंडीबरोबर लव जनावराच्या दावणीत पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कापूसवाल्यांनी आणि तेलगिरण्यांनी या धंद्याकडे नीट बघावं, असं मला मनापासून वाटतं. सरकीच्या भावात त्याने चार पैशांची भर पडली तर ती शेतकऱ्यालाही हवीच आहे.

आता वरणगाव. भुसावळहून अर्ध्या तासाच्या अंतरावर 1964 पासून उभी असलेली ही फॅक्टरी सैन्याच्या रायफलींची काडतुसं बनवते. 1 ऑक्टोबर 2021 ला जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडलं, तेव्हापासून ती म्युनिशन्स इंडिया या पुण्याच्या सरकारी कंपनीकडे आहे. पितळ ओढणं, दारू भरणं, एकेक काडतूस तपासणं, यात पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेले कामगार या तालुक्यात राहतात. आणि त्याच तालुक्यातल्या पोराने स्पर्धेसाठी गोळी घ्यायची तर जर्मनीची किंवा इंग्लंडची!

पलीकडची बाजू मला मान्य आहे. 50 मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. एकाच कंपनीच्या दोन लॉटमधल्या गोळ्या एकाच नळीतून वेगवेगळा गट देतात, म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन थेट कारखान्यात लॉट पारखायला जातात. ती सफाई वरणगावला एका वर्षात येणार नाही. पण नवशिक्याला ती लागतच नाही. त्याला उभ्याने रायफल स्थिर धरायला, श्वास थांबवायला, ट्रिगर हळू दाबायला शिकायचं असतं. रोज शंभर गोळ्या, महिन्याचे वीस दिवस धरले तर दोन हजार गोळ्या झाल्या. गोळीमागे दहा रुपये वाढले तर महिन्याचे वीस हजार वाढले. शिक्षकाच्या किंवा रेल्वेतल्या गँगमनच्या घरात हे पैसे आणायचे कुठून? मग पोरगं गोळीविना ‘ड्राय’ सराव करत राहतं, किंवा दहा मीटरच्या एअर रायफलवरच थांबतं, कारण पेलेट त्यामानाने परवडतात.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 ला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला उचललं, 2015 मध्ये मध्य रेल्वेने नोकरी दिली. तरीही वडिलांना गोळ्यांसाठी कर्ज काढावं लागलं होतं. नेमबाजी हा श्रीमंतांचा शौक आहे, सरकारने त्यात पैसा का घालावा, असं म्हणणाऱ्यांनी त्या घराकडे बघावं.

आयात शुल्काची माफी आज ‘नामवंत नेमबाज’ ठरलेल्यांना मिळते, तीही राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीने. म्हणजे नाव होईपर्यंत पूर्ण दाम मोजायचा आणि नाव झाल्यावर सवलत घ्यायची. ही रचना उलटी आहे. राज्य स्पर्धेत पात्रतेचे गुण मिळवलेल्या मुलामुलींच्या सरावाच्या गोळ्या क्लबमार्फत, क्लबच्याच नोंदवहीवर, शुल्काशिवाय मिळाव्यात. रिकाम्या टोप्या मोजून परत घ्याव्यात, म्हणजे पोलिसांनाही हरकत राहणार नाही. आणि म्युनिशन्स इंडियाने सरावाच्या दर्जाची .22 गोळी क्लबांना परवडेल अशा भावात, नियमित द्यावी. खासदार-आमदारांनी वरणगावच्या फॅक्टरीसाठी दिल्लीत आजवर अनेकदा शब्द टाकला आहे. पुढच्या भेटीत या मागणीचा कागदही त्यांनी सोबत न्यावा.