'एम' आणि 'एल'

गेल्या दिवाळीला सिरोंच्याच्या बाजारात आमच्या पुतणीला 'एम' मापाचा तयार कुर्ता होईना. झाले! पोरीने रात्रीचा भात सोडला. प्राणहितेच्या काठी भात सोडणारा माणूस आजारीच समजायचा!

वजन केले, ५२ किलो. उंची १५५ सेंटिमीटर. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले, आले २१.६. आकडा १८.५ च्या खाली गेला की डॉक्टर अशक्त म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यात अशा बायका पुष्कळ. त्या काही हौसेने बारीक नाहीत.

"पण काका, 'एल' म्हणजे जाडीच ना?"

अगं, एका कंपनीचा 'एम' तो दुसरीचा 'एल'!

शेवटी 'एल'च घेतला. शिंप्याने खांद्याला टीप मारून दिली. लेबल मात्र तिने घरी येताच कात्रीने कापले.